पोच

तुर्भे स्टोअरला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
तीन दिवसांचं प्रशिक्षण.
सतरा जण, एक पंखा,
आणि जिन्यातून वर येणारा ज्वारीचा ऊन वास.
गिरणी सुरू झाली की तांडेल वकीलबाई बोलायच्या थांबायच्या,
फळ्यावर नुसतं लिहायच्या.
गिरणी थांबली की कायद्याला पुन्हा आवाज फुटायचा.

पहिल्या दिवशी कलम एकही नाही.
म्हणाल्या, आधी ऐकायला शिका.
समोरची रडली तर पाणी द्या, सल्ला नका देऊ.
आणि "माझ्या नणंदेचंही अगदी असंच झालं"
हे वाक्य आजपासून बंद.
आम्ही बायका खाली बघू लागलो.
आमच्याकडे भांडवल तेवढंच तर होतं.

दुसऱ्या दिवशी नाटक.
मोकलकाका हवालदार, रुकय्या तक्रारदार.
काका तीस वर्षं दगडखाणीवर मुकादम;
खुर्चीत टेकले आणि खरेच हवालदार झाले.
"आमची हद्द नाही ही. साहेब राउंडला गेलेत. उद्या बघू."
रुकय्या विनवते, भांडते, वही आपटते,
हे काही तक्रार घेईनात.
शेवटी वकीलबाईच म्हणाल्या, काका, बास, घ्या आता.
काका ओशाळले. तांब्याभर पाणी प्याले.
"एवढं कसं जमलं हो मला?"
कुणी हसलं नाही.
हसलं, पण उशिरा.

तिसऱ्या दिवशी एक कोरा कागद.
अर्जाच्या प्रती किती?
दोन, आम्ही शाळेतल्या सुरात.
एक त्यांना. दुसरीवर काय?
शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही.
तिला म्हणायचं काय?

पोच.

माझी आई हा शब्द दुसऱ्या कामाला वापरायची.
पाहुण्यांदेखत मी पुन्हा भाजी मागितली की म्हणायची,
या पोरीला पोच म्हणून नाही.
तेव्हापासून मी मागणंच सोडलं.

नऊ वर्षांपूर्वी
पावणे एमआयडीसीत नवऱ्याची दोन बोटं गेली, उजव्या हाताची.
अर्ज मीच लिहिला होता,
मुलीच्या वहीतलं पान फाडून, समासाची लाल रेघ सांभाळून.
एकच प्रत.
खिडकीतल्या माणसाने पेपरवेटखाली सरकवली,
"ठेवलाय" म्हणाला.
मी आभार मानले त्याचे.
पुढे अकरा वेळा गेले त्या खिडकीशी.
असा अर्ज कधी आलाच नव्हता.

वर्गात हे बोलले नाही.
नणंदेचं बंद, तर स्वतःचंही बंदच असणार.
वहीत फक्त लिहिलं: पोच घेणे.
खाली दोन रेघा मारल्या,
दुसरी मारताना कागद फाटला.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली.
माझ्यावर द्रौपदाची द्रौपदी झालेली.
वकीलबाई थट्टेत म्हणाल्या, बदलून देऊ की, अर्ज करा.
सगळे हसले.
मी खाली गेले, गिरणीशेजारी झेरॉक्स काढली,
दोन प्रती घेऊन टेबलापुढे उभी राहिले.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ड्रॉवर उपसला.
केंद्राला शिक्काच नव्हता अजून.
तेव्हा हाताने लिहिलं: मिळाला.
तारीख. सही.
आवक क्रमांक १.

घरी नवऱ्याने तो कागद उरलेल्या तीन बोटांत धरून
दिव्याखाली नेला, उलटा करून मागूनही पाहिला.
काय आहे हे?
पोच.
कशाची?
नावाची, म्हटलं, जेवायला बस.

प्रमाणपत्र अजून बदलून आलेलं नाही.
दर मंगळवारी विचारते.
विचारायला जाताना हात रिकामा नसतो.